दहाव्या दिवशीचा दगड

आईच्या दहाव्याला माझ्या हातात दिलेला दगड तांबडा होता. मी उचललेला दगड काळा होता. पुढचे सगळे या एका फरकातून निघाले, म्हणून आधी तो फरक नीट सांगते.

आई मार्गशीर्षात गेली. सकाळी नऊच्या सुमारास, रत्नागिरीत, माझ्या घरी. वय एक्क्याऐंशी. भाऊ मस्कतला नोकरीला आहे. त्याला विमान मिळून घरी पोचायला तिसरा दिवस उजाडणार होता. आईने हे आधीच गृहीत धरले होते. त्याची वाट बघत मला थंड पेटीत घालून ठेवू नको, तूच अग्नी दे, असे तिने मला दोनदा बजावले होते. त्यामुळे त्याच दिवशी चार वाजता खाडीकाठच्या स्मशानात मी अग्नी दिला.

आमच्याकडे पाण्याने भरलेले मडके खांद्यावर घेऊन चितेभोवती तीन फेऱ्या घालतात. प्रत्येक फेरीला मागून कोणीतरी त्या मडक्याला दगडाने भोक पाडतो. भोक पाडणारा तो दगड पुढे दहा दिवस जपायचा. भटजी त्याला अश्मा म्हणतात, बाकी सगळे जीवखडा. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्यात असतो, अशी समजूत आहे. दहाव्या दिवशी त्याच्यावर तिळाचे पाणी सोडायचे, त्याच्यासमोर पिंड ठेवायचे आणि शेवटी तो पाण्यात सोडायचा. दगड कुठलाही चालतो. मात्र एकदा घेतला की बदलायचा नाही.

भटजींनी दगड उचलायला सांगितले तेव्हा ओहोटी होती. पायाशी खूप दगड होते. मी घेतला तो तळहाताएवढा, चपटा, काळा होता आणि त्याच्या एका कडेला पांढरी रेघ होती. मडक्याला भोके मामेभावाने पाडली. तो तिथे दोन कारणांनी होता. त्याची आत्या गेली होती, आणि प्रेताचे सगळे सामान त्याच्याच दुकानातून आले होते.

ते दुकान मामाने सुरू केलेले. बाजारापासून जरा बाजूला, एका गाळ्यात. बांबू, सुतळी, मडकी, पांढरे कापड, गोवऱ्या, तुळशीच्या माळा. पुढे शववाहिनी आली, मग थंड पेटी आली. दुकानामागे थोड्या अंतरावर त्यांची शेड आहे आणि शेडमागे काजूची बाग. मामाने हा धंदा धरला तेव्हा नातेवाइकांनी त्याच्या घरचा चहा बंद केला. लग्नाची आमंत्रणे टपालाने येऊ लागली, म्हणजे त्याने येऊ नये. आई तेवढी दर भाऊबीजेला जाऊन त्याच्या स्वयंपाकघरात बसून जेवत असे आणि परत आल्यावर काय काय जेवली हे आमच्या आजीला, म्हणजे तिच्या सासूला, ऐकू जाईल अशा आवाजात सांगत असे. यावरून आमच्या घरात वर्षानुवर्षे धुसफूस होती. आईने ती सोसली.

मी एकतीस वर्षे एका स्थानिक दैनिकाच्या कचेरीत काम केले. सुरुवातीला माझ्याकडे निधनवार्ता होत्या, पुढे इतरांचा मजकूर तपासणे. संध्याकाळी सहाला मामाचा फोन येई. नाव, वय, गाव, मागे कोण कोण, अंत्यसंस्कार किती वाजता. तो नाव दोनदा सांगे आणि मला परत म्हणायला लावी. त्याच्याकडून आलेल्या एकाही नावाची दुरुस्ती आम्हाला छापावी लागली नाही. बाहेरगावच्या लोकांचे कचेरीत फोन येत, की रत्नागिरीत आमचे असे असे झाले आहे, आता कुणाला विचारायचे. आम्ही सगळेच मामाचा नंबर देत असू. सर्वांत जास्त वेळा मी दिला असेल.

मामाचे गुडघे गेल्यावर धंदा मामेभावाकडे आला. तो हुशार आहे. त्याने एक गोष्ट ओळखली. आमच्या भागातली निम्मी घरे मुंबईवर चालतात. मुलगा दोन दिवसांची रजा काढून येतो, अग्नी देतो, तिसऱ्या दिवशी अस्थी सावडतो आणि रात्रीच्या गाडीने परत जातो. दहाव्याला पुन्हा येतो. मधल्या दिवसांत अस्थी आणि जीवखडा कुठे ठेवायचा, हा प्रश्न असतो. घरात नेत नाहीत. बाहेर झाडाखाली ठेवला तर कुत्री आहेत, माकडे आहेत. मामेभावाने शेडमध्ये एक लांब फळी ठोकली आणि सांगायला सुरुवात केली, इथे ठेवा, दहाव्याला घाटावर आणून देतो. अस्थीही ठेवा, दर पंधरा दिवसांनी नाशिकला जातो, सगळ्यांच्या एकदम सोडतो, फोटो पाठवतो. लोकांना हे फार सोयीचे वाटले. सावडण्याचीही त्याने सोय केली. पहाटे पाचला त्याची माणसे जाऊन चिता पाण्याने विझवून ठेवत. घरच्यांनी आठला यायचे, चार अस्थी वेचायच्या आणि बाकीचे त्यांच्यावर सोडायचे.

मीही तेच केले. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. सोसायटीच्या आवारात दगड ठेवायला मी सेक्रेटरींना विचारले असते तर त्यांनी सभा बोलावली असती. तिसऱ्या दिवशी भाऊ आला, आम्ही सावडले, अस्थी लाल कापडात बांधल्या. शेडमध्ये मामेभावाने कोरी चिठ्ठी पुढे केली. मी आईचे पूर्ण नाव आणि तारीख माझ्या अक्षरात लिहिली. त्याने ती रबराने पुरचुंडीला लावली. दगड शेजारी ठेवला. "आत्याचं मी स्वतः बघतो, ताई," तो म्हणाला. आठव्या दिवशी नाशिकचा फोटो आला. घाटाची पायरी, पाण्यात उतरलेला पाठमोरा माणूस, त्याच्या हातात कलश. मी तो भावाला दाखवला आणि आम्हाला बरे वाटले.

मग दहावा आला. घाटावरच्या पत्र्याखाली आम्ही दहा-बारा माणसे होतो. मामेभावाने कापडाची गाठ माझ्या हातात दिली. मी ती सोडली. आत जांभ्याचा तुकडा होता. एक बाजू नुकती फुटल्यासारखी, बोटांना तांबडी भुकटी लागली. रत्नागिरीत जांभा न ओळखणारा माणूस नाही. आमची घरे, विहिरी, कुंपणे सगळी त्याचीच आहेत. मी म्हटले, हा माझा दगड नाही.

मामेभाऊ हसला नाही, रागावलाही नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, तोच आहे. या दिवसांत माणसाचं डोकं कुठे ठिकाणावर असतं?"

मी म्हटले, तो काळा होता. तो म्हणाला, पाणी पडलं की हाही काळा दिसेल. मागे कोणीतरी हसू दाबले. भटजींना साडेअकराला दुसरीकडे जायचे होते. भाऊ माझ्या कानाशी म्हणाला, असू दे ना, दगडच तर आहे. मी तिळाचे पाणी सोडले. पिंड ठेवले. आम्ही मागे सरलो आणि कावळा एका मिनिटाच्या आत पिंडाला शिवला. कावळा तासन्‌तास न शिवल्याचे सगळ्यांनी पाहिलेले असते, त्यामुळे लोक थक्क झाले. "बघ," माझी एक मावशी म्हणाली, "तिची काही तक्रार नाही. तुझीच आहे." तिथे तो विषय संपला. कावळ्याने निकाल दिल्यावर बोलायला काही उरत नाही.

भाऊ मस्कतला परतला. तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी शेडवर गेले. मला फक्त दगड शोधायचा होता. चुकून दुसऱ्याच्या गाठीत गेला असेल, असे मी मनाशी धरले होते. मामेभाऊ शववाहिनी घेऊन देवरूखकडे गेला होता. दुकानात त्याची बायको कापड मापत होती. मी शेडकडे निघाले तेव्हा ती म्हणाली, "ताई, तिकडे नका जाऊ, काल फुरसं निघालं होतं." फुरशासारख्या विषारी सापाची भीती रत्नागिरीत कोणालाही घालता येते. मी गेले.

फळीवर काही नव्हते. एकही दगड नव्हता, एकही पुरचुंडी नव्हती. कोपऱ्यात जांभ्याच्या चिऱ्यांचा ढीग होता, मागच्या वर्षी कुंपण बांधले त्यातला उरलेला. त्याच्याशेजारी हातोडी आणि एका घमेल्यात फोडलेले तुकडे, साधारण एकाच आकाराचे. पलीकडे भिंतीला टेकून सिमेंटच्या रिकाम्या गोणी होत्या. त्यांची तोंडे उघडी होती. आत लाल कापडाच्या पुरचुंड्या एकावर एक टाकलेल्या होत्या. काही सुटल्या होत्या आणि त्यांतले गोणीच्या तळाशी सांडले होते. एकाही पुरचुंडीला चिठ्ठी नव्हती.

चिठ्ठ्या दाराजवळ होत्या. दुकानात बिले खोचतात तशी एक तार खिळ्याला अडकवलेली होती आणि सगळ्या चिठ्ठ्या तिच्यात टोचल्या होत्या. वरून चौथी माझ्या अक्षरातली होती. तार आईच्या आडनावातून गेली होती.

मी कशालाही हात लावला नाही. मोबाइलवर फोटो घेतले, आधी सगळ्या शेडचा, मग गोणींचे, मग तारेचा. ही कचेरीतली सवय. बाहेर आले तेव्हा मामेभावाची बायको दारात उभी होती. तिने चहाचे विचारले. मी नको म्हणाले, इतकेच.

घरी येऊन दोन फोन केले. एक देवरूखच्या शिक्षिकेला. तिच्या सासूच्या वेळी नंबर मीच दिला होता. दुसरा लांज्याच्या किराणा दुकानदाराला. त्याचे वडील पावसाळ्याआधी गेले होते. दोघांकडे नाशिकचा फोटो मागितला. दोघांनी लगेच पाठवला आणि दोघांनीही सोबत पुन्हा एकदा आभार लिहिले. तिन्ही फोटो एकच होते. पाठमोरा माणूस तोच, पायरीवर बाजूला पडलेली गुलाबी प्लास्टिकची बादलीही तीच, तिरकी. पावसाळ्याआधीपासून मार्गशीर्षापर्यंत ती बादली कोणी हलवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाकडे गेले. पोलिसांकडे जाण्याआधी त्याला सांगायला हवे, असे मला वाटले. मुलाने काय चालवले आहे हे त्याला माहीत नसणार, हे कळून तो खचेल, आणि ते परक्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावे. वाटेत मी वाक्येही ठरवली होती.

मामा पडवीत सुपारी सोलत बसला होता. मी समोर बसून क्रमाने सांगितले. दगड, फळी, गोणी, तार, फोटो. तो सोलत राहिला. मी थांबल्यावर त्याने सुरी बाजूला ठेवली आणि एक जुनी गोष्ट सांगायला घेतली. फार वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याचा जीवखडा मुलाच्या हातून उधाणात वाहून गेला. मुलगा घाटावर वेड्यासारखा रडायला लागला. मामाने त्याला बसवले, बाजूला जाऊन दुसरा दगड उचलला आणि सापडला म्हणून दिला. मुलगा शांत झाला. कावळाही शिवला. नंतर एकदा फळीवरचे दोन दगड एकमेकांत मिसळले, तेव्हाही तेच केले. कोणाचे काही बिघडले नाही.

मी म्हटले, मी अस्थींचे विचारते आहे.

"राख ती राख, बाय. अग्नीने घेतलं तिथेच माणूस संपला. पुढचं सगळं राहिलेल्यांच्या समाधानासाठी. समाधान मिळालं ना लोकांना?"

मग तुला माहीत होते, असे मी म्हटले. तो गप्प बसला. गप्प बसणे मामाला शोभून दिसे. लोक त्याला शांतपणा म्हणत, मीही म्हणत असे. मग तो जे बोलला ते मी घरी येऊन शब्दशः लिहून ठेवले.

"तुझ्या आईच्या वेळी मी त्याला बजावलं होतं. म्हटलं, बाकीच्यांचं राहू दे, हिचं तरी नीट कर."

त्याने हे माझी समजूत काढायला सांगितले. त्याच्या दृष्टीने ही मायेची गोष्ट होती. मी उठले. तो म्हणाला, पोराला दोन मुलं आहेत, घरातलं घरात ठेव. तुझी आई असती तर तिने ठेवलं असतं. यातले शेवटचे खरे असण्याची शक्यता आहे. ती त्याच्यासाठी सगळ्या घरादाराशी भांडली होती.

मी सरळ पोलीस ठाण्यात गेले आणि तक्रार दिली.

पुढचे थोडक्यात. शेडचा पंचनामा झाला. गोणींतून एकोणीस पुरचुंड्या निघाल्या, शाबूत आणि सुटलेल्या मिळून. तारेवर चिठ्ठ्या त्याच्या दुपटीहून जास्त होत्या. बाकीच्या अस्थींचे काय केले, असे विचारल्यावर मामेभावाने सांगितले, मागे काजूच्या मुळाशी घातल्या, राख झाडाला चांगली. नाशिकला तो आयुष्यात एकदाच गेला होता. फोटो तेव्हाचा. त्याच्या कपाटातून एक बारीक चाळण निघाली आणि काड्यापेटी निघाली. आमच्याकडे मृताच्या तोंडात तुळशीपत्राबरोबर सोन्याचा कण ठेवतात. पहाटे पाचला चिता विझवायला जाणारी माणसे काय करत होती ते त्या काड्यापेटीत होते. कोणाचा कण कोणता हे कोणी सांगू शकले नाही. आईच्या तोंडात ठेवायला मी तिच्या कुडीतला तुकडा सोनाराकडून काढून आणला होता. तो गव्हाच्या दाण्याच्या निम्मा होता. काड्यापेटीत तेवढे बरेच होते.

मामेभावाला अटक झाली, काही दिवसांनी जामीन मिळाला. बातमी माझ्याच जुन्या कचेरीने छापली. डेस्कवरच्या मुलीने मला फोन करून विचारले, तुमचे नाते लिहू का. मी म्हटले, तक्रारदाराचे आरोपीशी नाते आहे ही वस्तुस्थिती आहे, लिही.

पुरचुंड्या सीलबंद होऊन ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत गेल्या. हे माझ्या लक्षात आले नव्हते. मी आईच्या अस्थी शोधायला गेले होते आणि माझ्या तक्रारीने त्या, असल्याच तर, जप्त केलेल्या दुचाकी आणि दारूच्या कॅनशेजारी नेऊन ठेवल्या. खटला संपेपर्यंत तिथेच राहणार, असे हवालदारांनी सांगितले.

लोकांचे फोन सुरू झाले. पहिले काही सहानुभूतीचे होते. मग सूर बदलला. मामाने मुलासाठी दिलेल्या वकिलाने घरोघर निरोप पाठवला होता. तडजोड झाली, तक्रार मागे घेतली गेली, तर अस्थी लवकर सुटतील. सगळे तक्रारदार बाईंवर अवलंबून आहे. लांज्याच्या दुकानदाराचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते.

"बाई, तुम्हीच मला तिकडे पाठवलंत. आता तुमच्यामुळेच माझा बाप पोलीस ठाण्यात अडकलाय. मी करू काय? जामीन भरू त्याचा?"

मी त्याला म्हटले की नंबर मी दिला हे खरे आहे. दुसरे काही म्हणण्यासारखे नव्हते. देवरूखच्या शिक्षिकेने फोन केला नाही. तिने मला पाठवलेला आभाराचा जुना मजकूर पुसून टाकला होता. तिथे आता फक्त तो पुसल्याची नोंद दिसते. मावशी घरी येऊन म्हणाली, दगडावरून एवढं? तुझ्या आईने हयातभर जोडलं ते तू महिन्यात तोडलंस. भाऊ मस्कतहून म्हणाला, मिटवून टाक, मला पुन्हा रजा मिळणार नाही. त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. आई कुठे आहे हे त्याने मात्र विचारले नाही.

मी तक्रार मागे घेतली नाही. पण अस्थी अडकवून ठेवणेही बरोबर नव्हते. सरकारी वकिलांना भेटले. एक रस्ता होता. नमुने काढून ठेवून बाकीच्या अस्थी न्यायालयाच्या परवानगीने कुटुंबांना देता येत होत्या. त्याआधी ओळख पटवायचा प्रयत्न झाला. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी लेखी कळवले, की इतक्या जळलेल्या हाडांवरून कोण कोणाचे हे ठरवता येत नाही. मग प्रत्येक कुटुंबाने दोन गोष्टी लिहून द्यायच्या ठरल्या. एक, अस्थी एकत्र सोडायला आमची हरकत नाही. दोन, या अस्थींमधून आम्ही आमच्या माणसाच्या अस्थी ओळखू शकत नाही.

सहीच्या दिवशी ठाण्याच्या व्हरांड्यात टेबल मांडले होते. ज्यांच्या चिठ्ठ्या तारेवर होत्या त्यांतली बरीच माणसे आली होती. काही जण मुंबईहून रात्रभर प्रवास करून आले होते. ज्यांची माणसे काजूच्या मुळाशी गेली होती तेही आले होते, कारण कोणाची गेली हे कोणालाच माहीत नव्हते. सगळ्यांच्या कागदावर मजकूर एकच, नाव भरायची जागा मोकळी. एक वयस्क गृहस्थ हवालदारांशी वाद घालत होते, की मला एकदा बघू द्या, माझ्या बायकोच्या मांडीत सळई होती, मी ओळखीन. सळई कुठल्याच पुरचुंडीत नव्हती. ते पुन्हा खुर्चीत बसले आणि त्यांनी सही केली.

माझा नंबर आला. मी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्ये तपासली. हे वाक्य तपासले, त्यात चूक नव्हती. 'मी माझ्या मातोश्रींच्या अस्थी ओळखू शकत नाही.' मी खाली सही केली. तक्रारदार म्हणून आणखी एक सही होती, तीही केली.

पुढच्या रविवारी भरतीच्या वेळी खाडीवर विसर्जन झाले. भटजी नको, असे बहुतेकांचे मत पडले. एकोणीस पुरचुंड्यांतले सगळे एका मोठ्या परातीत एकत्र केले आणि दोन मडक्यांत भरले. एकामागोमाग एक माणसे पाण्याच्या कडेपर्यंत ओळीने उभी राहिली. मडके हातातून हातात जायचे, प्रत्येकाने मूठभर घेऊन पाण्यात सोडायचे आणि पुढे द्यायचे. लांज्याचा दुकानदार माझ्या अलीकडे होता. तो माझ्याशी बोलला नाही, पण मडके देताना खालून हात लावून दिले, जड होते म्हणून.

माझी मूठ सोडून झाली आणि मी पुढे द्यायला वळले तेव्हा ओळीत मामा उभा होता. रिक्षातून आला असावा. काठी काखेत धरून त्याने दोन्ही हात पुढे केले होते. बाकीच्यांपैकी कोणी त्याला ओळखले नव्हते. त्यांचा व्यवहार मुलाशी झाला होता आणि बातमीत फोटोही मुलाचाच होता. त्यांना वाटले असेल, यांचेही कोणी असेल. त्याचे होतेच. त्या मडक्यात आई असली तर ती त्याची बहीण होती.

त्याने माझ्याकडे पाहिले. "बाय," तो हळू म्हणाला, "एक मूठ."

मी त्याच्या हातांवरून मडके पलीकडे नेले आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या बाईच्या हातात दिले. तिने मूठ भरली. मामा काही वेळ तसाच हात पुढे करून उभा राहिला. मग लोकांना अडचण होऊ लागली, तेव्हा तो ओळीतून बाजूला झाला.